धातूच्या प्रॉपवर ओळखखूण: ठसा, मिठाचं पाणी आणि बर

प्रॉप, म्हणजे वेशभूषेसाठी बनवलेली दिखाऊ वस्तू, पूर्ण झाली, चकाकली, आता मागच्या बाजूला नंबर टाकू, असं म्हटलं की खूण हमखास बिघडते. ठसा मारला तर पत्रा वाकतो आणि पॉलिश केलेल्या बाजूवर फुगवटा दिसतो. रोटरी टूल (हातात धरायचं मोटरचं कोरण्याचं हत्यार) चालवलं तर बर, म्हणजे त्याच्या टोकाला फिरणारं दातेरी पातं, सटकून आरशासारख्या पृष्ठभागावर ओरखडा ओढतो. म्हणून आम्ही खूण घडणीच्या मधल्या टप्प्यात करतो: कापणं, कानस, २४० नंबरचा पॉलिश पेपर, मग खूण, मग वाकवणं किंवा जोडणं, आणि सगळ्यात शेवटी बारीक पेपर, बफ (कापडी चाकावर घासून चमक आणणं), मुलामा किंवा रंग. हा क्रम पाळला की निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत. पुढे सांगितलेलं काम वेशभूषेच्या एका संचावरचं आहे: ३२ मिमी व्यासाची आणि २ मिमी जाडीची बारा पितळी नाणी, १.६ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची खांदेकवचांची जोडी, आणि एक बोथट कट्यार, जिचं पातं टणक केलेल्या कार्बन स्टीलचं आणि मूठ ओतीव पितळेची. तीन धातू आणि चार तऱ्हेचे पृष्ठभाग असल्यामुळे एकाच पद्धतीने भागत नाही.

आधी खूण किती खोल हवी ते ठरवायचं, कारण खोली ठरल्याशिवाय हत्यार ठरत नाही. खुणेनंतर वस्तूवर काय काय होणार आहे ते लिहून काढायचं. ४०० आणि ८०० नंबरचे पेपर आणि त्यावर बफ, एवढ्याने धातूचे काही शतांश मिलिमीटर सहज निघून जातात. शिवाय बफ कडा गोल करतो, त्यामुळे मोजमापाने शिल्लक असलेली खूणही डोळ्याला पुसट दिसते. शोभेचा मुलामा दहा-वीस मायक्रॉनचा (०.०१-०.०२ मिमीचा) असतो, त्याने फार बिघडत नाही. पावडर कोटिंग (पावडर फवारून भट्टीत तापवून बसवलेला रंग) मात्र ६० ते १०० मायक्रॉन जाड बसतं आणि खाचेच्या तळाशी आणखी साचतं, ०.१ मिमी खोल, बारीक अक्षर त्यात बुडून जातं. म्हणून रंगाखाली जाणारी खूण आम्ही किमान ०.३ मिमी खोल आणि ०.५ मिमी रुंद ठेवतो. बफखाली जाणारी ०.२ ते ०.२५ मिमी. ज्या जागेला पुढे हात लागणार नाही, तिथे ०.०५ मिमीही वर्षानुवर्षं वाचता येते.

नाण्यांच्या बाबतीत एक लिखित आधार उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या १९७३ च्या हॉबी प्रोटेक्शन ॲक्टनुसार नाण्याच्या प्रतिकृतीवर ‘कॉपी’ हा इंग्रजी शब्द उठवणं बंधनकारक आहे, आणि त्याखालच्या नियमांत अक्षराची खोली ०.३ मिमी किंवा नाण्याच्या जाडीच्या निम्मी, यांतली जी कमी असेल ती, आणि अक्षरं टोकांना शेपट्या नसलेली साधी, असं सांगितलेलं आहे. कायदा लागू असो वा नसो, ०.३ मिमी हा आकडा विचारपूर्वक ठरलेला वाटतो: हाताळून झिजलेल्या नाण्यावरही तेवढी खूण टिकते, आणि ती घासून काढायची तर नाणं उघडपणे खराब होतं. खरं नाणं वाटेल अशा प्रत्येक तुकड्यावर आम्ही ओळखनंबराशेजारी ‘नक्कल’ हा शब्दही घालतो.

नंबर कसा रचायचा? आमचं कार्यशाळेचं अक्षर ‘न’, त्यापुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे, मग संच आणि मग तुकडा: न २५-०७-०३. जागा कमी असेल तर वर्ष गाळतो, कारण संचाच्या नंबरावरून नोंदवहीत वर्ष सापडतंच. अक्षर निवडताना ते किती सुंदर आहे यापेक्षा २ मिमी उंचीत किती वाचनीय राहतं ते पाहावं. न, ग, त, र ही अक्षरं मोकळी आहेत. ठ, ळ, क्ष, ज्ञ यांची पोटं भरून जातात, अनुस्वाराचा टिंब बफखाली पहिला जातो, आणि मात्रा शिरोरेषेला चिकटून तिचा गोळा होतो. आकड्यांतही देवनागरी १ आणि ९ झिजल्यावर एकमेकांसारखे दिसतात. बाजारात सहज मिळणारे ठसे बहुतेक इंग्रजी आकड्यांचेच असतात. त्या संचात ६ आणि ९ साठी एकच ठसा असतो, उलटा धरला की दुसरा आकडा. नाण्यासारख्या गोल वस्तूवर वर-खाली काय हेच कळत नाही, म्हणून नंबराच्या खाली एक आडवी रेघ किंवा शेवटी एक टिंब हवाच.

नाणी ठशाने केली. ‘न’चा ठसा वेगळा बनवलेला आहे, असा ठसा उलटा, आरशातला कोरावा लागतो, आणि टणक करण्याआधी तो साबणाच्या वडीत दाबून पाहिला की अक्षर सुलट उमटतंय ना ते तिथल्या तिथे कळतं. पितळ पत्र्यातून कापलेलं असेल तर गुंडाळणीमुळे ते आधीच कडक असतं. ते मंद उजेडात गडद लाल दिसेपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की मऊ होतं आणि ठसा स्वच्छ उतरतो. न तापवलेल्या पितळेवर दुप्पट जोर लागतो आणि जोर वाढला की ठसा उडी मारतो.

मांडणी अशी: खाली किमान ५० मिमी जाडीचा, वरून घासून सपाट केलेला पोलादी ठोकळा किंवा ऐरण. ती लाकडावर सैल ठेवू नये. ठोकळा हलला की जोर पत्र्यात जिरण्याऐवजी उसळतो आणि अक्षर दुहेरी उमटतं. नाणं चिकटपट्टीने ठोकळ्याला धरून ठेवायचं. अक्षरांच्या तळरेषेवर पोलादी पट्टी क्लॅम्प करायची आणि प्रत्येक ठसा त्या पट्टीला टेकवून उभा करायचा. अंतर राखायला ठशाच्या दांड्याची रुंदी पुरेशी असते: दांडा शेजारच्या खुणेला टेकवून पेन्सिलीने रेघ, पुढचा ठसा त्या रेघेवर. शब्द मधल्या अक्षरापासून सुरू करून दोन्ही बाजूंना जावं, म्हणजे दोन-चार दशांश मिमीची चूक दोन्हीकडे वाटली जाते आणि ओळ एका बाजूला सरकलेली दिसत नाही.

२ मिमीच्या आकड्यासाठी मऊ पितळेवर साधारण ३०० ग्रॅमची हातोडी आणि एकच ठाम घाव. दोन हलके घाव कधीही नकोत, कारण दुसऱ्या घावाला ठसा नेमका त्याच खाचेत बसत नाही. ‘न’च्या ५ मिमी ठशाला जास्त रेघा कापायच्या असल्याने ४५० ग्रॅमची हातोडी लागते. ठसा मोठा असेल तर तो किंचित कलवून चारही बाजूंना झुलवत मारायची पद्धत आहे, पण त्यासाठी हात बसलेला हवा आणि ठसा खाचेतून उचलायचा नाही. किती जोराने किती खोल जातं ते त्याच पत्र्याच्या तुकड्यावर पाहावं. खोली मोजायला महागडं उपकरण लागत नाही: तुकड्याची जाडी मायक्रोमीटरने मोजायची, अक्षर नाहीसं होईपर्यंत तो सपाट घासायचा आणि पुन्हा मोजायची. फरक म्हणजे खोली.

ठसा धातू काढून टाकत नाही, बाजूला ढकलतो. त्यामुळे प्रत्येक अक्षराभोवती बारीक वरंबा उठतो आणि तुकडा ठशाच्या बाजूला फुगून वाकतो. वरंबा ६०० नंबरच्या सपाट दगडाने काढायचा. बोटाखाली धरलेल्या पेपरने काढू नये, कारण बोट खाचेत दबतं आणि अक्षराच्या कडा गोल होतात. वाकलेलं नाणं उलटं करून लाकडावर ठेवायचं आणि कातडी हातोड्याने हलके सरळ करायचं. २ मिमी जाडीत मागे फारसं उमटत नाही. एक मिमीच्या आत मात्र मागच्या बाजूला अक्षराची सावली येते, आणि ०.८ मिमीपेक्षा पातळ पत्र्यावर आम्ही ठसा मारतच नाही. तिथे १० बाय २० मिमीची वेगळी पितळी पट्टी करून तिच्यावर ठसा मारायचा आणि ती रिव्हेटने जोडायची, हे जास्त देखणं आणि टिकाऊ होतं.

खांदेकवचांसाठी तोच ठसा, फक्त पत्रा अजून सपाट असताना, आतल्या बाजूला, कडेपासून १२ मिमी आत आणि जिथे वाक सगळ्यात कमी येणार आहे तिथे. घुमट ठोकून काढल्यावर ठसा मारायला गेलं तर खाली टेकू मिळत नाही आणि घुमटावर खड्डा पडतो. ॲल्युमिनियम मऊ असल्याने घाव अर्ध्यावर आणायचा, ०.१५ मिमी खोली पुरते, कारण आतल्या बाजूला बफ लागत नाही. खालचा ठोकळा गुळगुळीत नसेल तर त्याचे ओरखडे दर्शनी बाजूवर छापले जातात. ठोकळ्यावर बारीक पेपर फिरवून मगच पत्रा ठेवावा. ओतीव जस्ताच्या वस्तू आणि बीड (ओतीव लोखंड) यांवर ठसा नको: दोन्ही ठिसूळ, तडा जातो. टणक केलेल्या पोलादावर तर ठशाचंच टोक उडतं, आणि तो तुकडा डोळ्याच्या दिशेनेही येऊ शकतो. चष्मा घातल्याशिवाय हातोडी उचलू नये.

म्हणूनच कट्यारीच्या पात्यावर मिठाच्या पाण्याने आणि विजेने खूण केली. यात वस्तू धन टोकाला जोडायची आणि मिठाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा ऋण टोकाला. वीज वाहिली की धन बाजूचा धातू विरघळून पाण्यात उतरतो. तारा उलट जोडल्या तर पात्याला काहीच होत नाही आणि बोळ्यातली तार मात्र खाल्ली जाते. खूण उमटतच नाही असं दिसलं की पहिल्यांदा हेच तपासावं. ९ व्होल्ट, १ अँपिअरचा एकदिश प्रवाहाचा अडॅप्टर पुरतो, तोही तारा एकमेकींना लागून शॉर्ट झाल्यास आपोआप बंद पडणारा. भिंतीतली वीज थेट कधीही वापरायची नाही. द्रावण म्हणजे १०० मिली पाण्यात ५-६ ग्रॅम मीठ.

खरं काम सफाईचं आहे. पातं साबणाने धुवून, मग ॲसिटोनने पुसून त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. पाणी पातळ पडद्यासारखं पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब गोळा होऊन राहिला तर तेल शिल्लक आहे. तेलावर स्टेन्सिल चिकटत नाही, पाणी तिच्याखाली शिरतं आणि अक्षराची कड कुरतडल्यासारखी येते. ॲसिटोन पूर्ण उडून गेल्यावरच वीज जोडायची, त्याची बाटली खोलीबाहेर.

स्टेन्सिल चिकट व्हिनाइलची, आणि देवनागरीसाठी कापताना एक अडचण ठरलेली: शिरोरेषेमुळे किंवा स्वतःच्या वळणामुळे अक्षराची पोटं बंद होतात. प, म, ष, व, ब, ठ यांचे मधले तुकडे सुटे निघतात आणि ते हाताने जागेवर बसवावे लागतात, नाहीतर अक्षर सबंध काळा डाग होऊन उमटतं. आम्ही शिरोरेषेत, आणि व, ब, ठ यांच्या पोटाच्या रेघेत, ०.४ मिमीचा पूल ठेवतो. रेघ एका ठिकाणी तुटलेली दिसते, पण अक्षर ओळखीचं राहतं आणि स्टेन्सिल एकसंध सुटते. रेघांची जाडी ०.३ मिमीच्या खाली नेऊ नये. द्रावण खाली जातं तसं बाजूलाही खातं, त्यामुळे रेघा आराखड्यापेक्षा जाड होतात आणि जवळच्या दोन रेघा एकमेकींत मिसळतात. स्टेन्सिलच्या बाहेरचा उघडा भाग चिकटपट्टीने झाकायचा, नेलपॉलिशही चालतं.

बोळा ओला हवा, गळका नको. ३ ते ५ सेकंद टेकवायचा, उचलायचा, तेवढाच वेळ थांबायचं. बारा-पंधरा वेळा असं केलं की एकूण मिनिटभराचा संपर्क होतो आणि आमच्या अनुभवात ०.०५ मिमीच्या आसपास खोली येते, नखाला जाणवेल एवढी. सलग धरून ठेवलं तर धातू आणि द्रावण तापतं, व्हिनाइलचा गोंद सुटतो आणि कडा फाटतात. बोळा काळा झाला की बदलायचा. त्यातला गाळ खाचेत बसला की तळ खडबडीत होतो. बोळ्यातली तार कापसाबाहेर डोकावू द्यायची नाही, पात्याला लागली तर शॉर्ट होऊन तिथे जळका ठिपका पडतो आणि तो घालवायला पातं पुन्हा घासावं लागतं.

खाच काळी हवी असेल तर शेवटी उलटसुलट प्रवाह, म्हणजे ९ ते १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा, काही सेकंद द्यायचा. एकदिश प्रवाह खोदतो, उलटसुलट प्रवाह तळाशी काळा ऑक्साइड बसवतो. नंतर लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुणं, पुसणं आणि तेल. मीठ खाचेत राहिलं तर दुसऱ्याच दिवशी अक्षरं तांबूस गंजाने भरलेली दिसतात. पितळेवर हीच पद्धत चालते, पण पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि खाचेच्या तळाला तांब्याची लाली येते. कुणाला ती आवडते, नको असेल तर बारीक पॉलिश पेस्टने घालवावी. ॲनोडाइझ केलेल्या (विजेने ऑक्साइडचा कठीण थर चढवलेल्या) ॲल्युमिनियमवर वरचा थर वीज जाऊ देत नाही, म्हणून काहीच घडत नाही. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत आम्ही फार जपून असतो: त्यातलं क्रोमियम विषारी रूपात द्रावणात येऊ शकतं. तसं काम करायचंच असेल तर हातमोजे, उघडी खिडकी, अगदी थोडं द्रावण आणि वापरलेले बोळे बंद पिशवीत. मोठ्या भांड्यात बुडवून तर अजिबात नाही.

मूठ गोलाकार आणि ओतीव, तिथे ठसाही बसत नाही आणि स्टेन्सिलही नीट चिकटत नाही. हे काम रोटरी टूलचं. ०.८ मिमीचा गोल कार्बाइड बर, मिनिटाला साधारण २०,००० फेरे. या व्यासाला त्या वेगाने कापणारी कड मिनिटाला ५० मीटरच्या आसपास जाते आणि पितळ सुंदर कापलं जातं. वेग फार कमी ठेवला तर बर कापण्याऐवजी ठोकतो आणि थरथरतो. मूठ व्हाइसमध्ये चामड्याच्या तुकड्यांत धरायची. आकार फारच वेडावाकडा असेल तर सोनारकामातल्यासारखी राळेत रुतवायची.

बर नेहमी स्वतःच्या फिरण्याच्या दिशेने पळायला बघतो, आणि सगळे ओरखडे तिथेच होतात. उपाय असा की आधी पोस्टर रंगाचा पांढरा थर, त्यावर पेन्सिलीने आखणी, मग टोकदार पोलादी सुईने प्रत्येक रेघ दोनदा ओढून घ्यायची. एवढी उथळ चरी बराला धरून ठेवते. त्यानंतर एका फेरीत ०.०५ मिमीपेक्षा जास्त खोल जायचं नाही, ०.२५ मिमीसाठी पाच फेऱ्या. उभ्या रेघा आधी सगळ्या संपवायच्या, शिरोरेषा सगळ्यात शेवटी एका दमात, मनगट टेकवून, कारण नजर तिच्यावरच जाते आणि तुकड्यातुकड्याने ओढलेली शिरोरेषा लगेच ओळखू येते. वळणाच्या रेघेत हात फिरवण्यापेक्षा वस्तू फिरवावी. ॲल्युमिनियमवर हेच करायचं झालं तर बराच्या दातांत धातू चिकटतो. मेणाचा तुकडा अधूनमधून लावत राहिलं की दात मोकळे राहतात. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, आणि कापडी हातमोजे मात्र काढून ठेवायचे, फिरत्या हत्यारात धागा अडकतो.

हाताची कोरणी याहून सुबक रेघ देते, कारण ती धातू स्वच्छ कापून काढते आणि खाचेच्या भिंती चमकतात. पण धार लावायला शिकणं हेच मोठं काम आहे, आणि फक्त नंबर टाकायचे असतील तर तेवढा खटाटोप लागत नाही. लेसरने काळी खूण सुरेख येते, मात्र ती बहुतेकदा पृष्ठभागापुरती असते आणि बफखाली निघून जाते. खोल कोरायला फायबर लेसरच्या पुष्कळ फेऱ्या लागतात. फेरिक क्लोराइड हे धातू खाणारं रसायन तांब्या-पितळेसाठी चांगलं, वस्तू तोंड खाली करून टांगली की गाळ खाचेतून पडत राहतो. त्यात ॲल्युमिनियम घालू नये, द्रावण उकळी फुटेल इतकं तापतं. वापरलेल्या द्रावणात विरघळलेलं तांबं असतं, ते मोरीत ओतायचं नाही. धोकादायक कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणीच द्यायचं.

सगळ्या खुणा झाल्यावर मग पुढची सफाई. नाण्यांच्या खाचेत काळा एनॅमल रंग भरला, थोडा सुकू दिला आणि पुठ्ठ्याच्या सपाट तुकड्याला ताणून गुंडाळलेल्या कापडाने वरचा पुसून काढला. सैल कापडाने पुसलं तर ते खाचेत शिरून रंगही ओढून आणतं. मुलामा द्यायचा असेल तर रंग मुलाम्यानंतर.

खुणेत काय घालायचं नाही हेही ठरलेलं असावं. सोन्या-चांदीच्या शुद्धतेचे शिक्के, खऱ्या टांकसाळीचं चिन्ह, दुसऱ्या कारागिराचं किंवा कंपनीचं बोधचिन्ह, यांतलं काहीही प्रॉपवर नको, दिसायला कितीही अस्सल वाटलं तरी. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की ती प्रॉप आहे हे सांगायला बनवणारा सोबत नसतो. कट्यारीच्या पात्यावर मुठीलगत नंबराखाली ‘प्रॉप, धार नाही’ असं आहे. ते मुठीच्या आड जाणार नाही इतकं पुढे आहे, म्हणजे प्रवेशद्वारावर तपासणाऱ्याला मूठ न काढता वाचता येतं.

नोंदवहीत प्रत्येक नंबरासमोर धातू, ग्रॅममध्ये वजन, मुख्य मापं, खुणेची जागा, पद्धत आणि खोली. दोन फोटो: एक सबंध वस्तूचा आणि एक खुणेचा, दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून. समोरून उजेड टाकला तर चकाकत्या पितळेवर अक्षरं दिसतच नाहीत. तिरप्या उजेडात ०.०५ मिमीची खाचही सावली धरते. संच बाहेरून परत आला की वजन आणि खूण दोन्ही ताडून पाहायच्या. ठशाची खूण बुजत चालली असेल तर तिच्यावर पुन्हा ठसा मारू नये, तो जुन्या खाचेत बसत नाही. त्याच खाचेतून ०.५ मिमीचा बर सावकाश सरकवत, हलक्या हाताने फिरवावा आणि नवी खोली तारखेसह नोंदवहीत लिहावी.